ऑनलाइन थेरपीने इतकं जुनं, आतलं दुखणं बरं होतं का?

अबोली | ४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

मी चिपळूणची. वय ३८, पतसंस्थेत नोकरी. सात वर्षांची असताना आईबाबांनी मला शिकायला डोंबिवलीला मामाकडे ठेवलं. कोकणात यात नवल नाही, आमच्या वाडीतली कितीतरी मुलं अशीच कुणाकुणाकडे वाढली. मला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. पण दुसऱ्यांदा पोळी मागायची नाही, आजारी पडायचं नाही, रडू आलं तर मोरीत जाऊन नळ सोडायचा, हे मी कुणी न सांगता शिकले. दहावी झाल्यावर परत आले. त्यावर घरात कधी कुणी बोललं नाही. मीही नाही.

यंदा माझी लेक सात वर्षांची झाली. मार्चमध्ये एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, अजून एक पोळी." मला काय झालं कळलं नाही, मी तिच्यावर एवढी ओरडले की ती ताट सोडून उठली. मग मी मोरीत जाऊन नळ सोडला.

तेव्हापासून झोप नाही. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, पण आमच्याकडे "रत्नागिरीला नेलं" म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात. शिवाय नव्वद किलोमीटर जायचं-यायचं, दर आठवड्याला रजा कोण देणार? म्हणून एका अ‍ॅपवरून सेशन सुरू केली. तीन झाली. तिसऱ्या वेळी पहिल्यांदा ती मोरीची गोष्ट तोंडातून बाहेर पडली, बांध फुटला आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. परत जोडलं गेलं तोवर वेळ संपला होता. स्क्रीनवर आलं, सेशनला किती तारे द्याल? मी तशीच पलंगावर बसून राहिले. बाहेरून सासूबाई भाजी निवडायला हाक मारत होत्या.

फोनच्या काचेतून तीस वर्षांचं दुखणं बरं होऊ शकतं का? की हे सगळं परीक्षेची भीती, ऑफिसचा ताण एवढ्यापुरतंच? ज्यांनी स्वतः घेतलं आहे त्यांनी कृपया सांगा.

---

सह्यवाट | ४ जून, रात्री ११:५२

ताई, होतं. माझं झालं. उद्या नीट लिहितो. आज रात्री फार जड वाटलं तर १४४१६ लावा. टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत आणि रात्रीही उचलतात.

---

खडूफळा | ५ जून, सकाळी ७:१०

अबोली, तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरी लिहितो.

मी निवृत्त शिक्षक, वय ६६. २०११ मध्ये माझा मुलगा गेला. वर्षभर मी शाळेत जात होतो, फळ्यावर लिहीत होतो, घरी येऊन भिंतीकडे बघत होतो. शेवटी बायकोने ठाण्याला आयपीएचमध्ये नेलं. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था. तिथल्या बाईंसमोर पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं एक शब्द बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत. मग त्या उठल्या आणि पंखा बंद केला. माझे पाय थरथरत होते, मलाच ते कळलं नव्हतं. त्यांना दिसले.

फोनच्या चौकटीत पाय दिसत नाहीत, बाळ. माणूस तोंडाने एक सांगतो आणि अंग दुसरंच सांगत असतं. तुझ्या दुखण्याला समोर बसलेलं माणूस हवं असं माझं मन सांगतं. गाडीभाड्याचा प्रश्न असेल तर महिन्यातून दोनदा तरी जा. मुंबईला नातेवाईक असतीलच.

---

मृद्गंध | ५ जून, दुपारी २:३५

मी नाशिकला समुपदेशक मानसशास्त्रज्ञ आहे, चौदा वर्षं काम करते आहे. कोविडपासून माझी निम्मी सेशन ऑनलाइन असतात. धाग्यावर कुणावर उपचार करता येत नाहीत आणि करूही नयेत, त्यामुळे जे सर्वांना उपयोगी पडेल तेवढंच लिहिते.

आधी अभ्यास काय म्हणतात ते. स्टॉकहोमचे पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २० अभ्यास एकत्र तपासले. सीबीटी म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी. इंटरनेटवरून दिलेली सीबीटी आणि समोर बसून दिलेली सीबीटी, परिणाम जवळजवळ सारखेच निघाले. पण ते बहुतेक चिंता, नैराश्य, भीती अशा ठरावीक लक्षणांवरचं आखीव काम होतं. अबोली विचारते आहे ते थोडं वेगळं आहे. आघाताबद्दल बोलायचं तर अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या माजी सैनिकांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. काहींना घरबसल्या व्हिडिओवरून उपचार मिळाले, काहींना दवाखान्यात. आघाताची लक्षणं कमी होण्यात घरबसल्या घेणारे मागे पडले नाहीत. म्हणजे खोल जखमेवर पडद्यातून काम होतच नाही असं म्हणता येत नाही.

आता खडूफळा सर. सर, तुमचं पायांचं निरीक्षण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. अगदी खरं आहे ते. ऑनलाइन काम करताना आम्हाला खांद्यांवरून, श्वासावरून, बोलताना नजर कुठे जाते त्यावरून अंदाज घ्यावा लागतो, आणि जे दिसत नाही ते तोंडाने विचारावं लागतं. "आत्ता पाय कसे आहेत?" असं मी खरंच विचारते.

लहानपणी जे मूल न मागायला शिकतं त्याची जखम घडते नात्यात. ती भरतेही नात्यातच. एक माणूस ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येतो, मागच्या वेळचं लक्षात ठेवतो, तुमचं मागणं त्याला ओझं वाटत नाही, हे आठवड्यामागून आठवडे अनुभवाला यावं लागतं. ते पडद्यावर होऊ शकतं. पण तोच माणूस हवा आणि सातत्य हवं.

त्या तुटलेल्या सेशनबद्दल मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. रेंज जाणं कुणाच्या हातात नसतं. पण पहिल्याच सेशनमध्ये थेरपिस्टने सांगायला हवं की लाइन तुटली तर मी तुम्हाला अमुक नंबरवर साधा फोन करेन. जवळच्या एका माणसाचा नंबर आणि तुम्ही त्या वेळी बसला आहात तो पत्ताही घेऊन ठेवायला हवा. आणि शेवटची दहा मिनिटं नवीन काही उकरायचं नसतं. ती वेळ माणसाला परत खोलीत आणण्यासाठी असते. पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तू सांगा, पाणी प्या, आता उठून काय करणार ते बोला. दवाखान्यातून निघाल्यावर रिक्षात, बसमध्ये अर्धा तास मिळतो, मन आपोआप सावरतं. ऑनलाइनमध्ये लॅपटॉप मिटला की पुढ्यात भाजी निवडायची असते. तो मधला अर्धा तास मुद्दाम घडवावा लागतो.

---

सह्यवाट | ५ जून, रात्री १०:१५

काल कबूल केलं होतं म्हणून.

मी पिंपरीत, आयटीत. वडील प्यायचे आणि मारायचे. मला नाही, आईला. मी दाराआड उभा असायचो. लग्न झाल्यावर बायकोने साधं भांडं जरा आपटून ठेवलं तरी मी घराबाहेर पडायचो, दोन-दोन तास.

समोर बसून थेरपी मी दोनदा करून पाहिली होती. दोन्ही वेळा खुर्चीत बसलो की माझ्यातला हुशार मुलगा पुढे यायचा. हसून, मुद्देसूद बोलायचो, थेरपिस्टचीच विचारपूस करायचो. २०२२ मध्ये ऑनलाइन सुरू केलं. घर दोन खोल्यांचं, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसायचो. काचा वर, हेडफोन, गुरुवारी रात्री नऊ. पहिले सात आठवडे कॅमेरा बंद ठेवला. थेरपिस्ट बाईंनी चालेल म्हटलं, दर वेळी फक्त विचारायच्या, आज कसं वाटतंय, लावायचा का? आठव्या आठवड्यात मीच लावला. त्या अंधाऱ्या गाडीत मी पहिल्यांदा दारामागच्या मुलाबद्दल बोललो. कुणी बघत नव्हतं म्हणून बोलता आलं असं मला वाटतं.

एकंदर दोन वर्षं चाललं. मध्ये चार महिने काहीच होत नाही असं वाटायचं. परिणाम कुठे दिसला सांगतो. मागच्या दिवाळीत बायकोच्या हातून फराळाचा डबा पडला, मोठा आवाज झाला आणि मी वाकून चकल्या गोळा करायला लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली.

काका, तुमचा मुद्दा मान्य. पण मला समोरच्या खुर्चीत लपता येत होतं, गाडीत नाही आलं.

---

मृद्गंध | ५ जून, रात्री १०:४०

सह्यवाट, याला आमच्या शास्त्रात नाव आहे, ऑनलाइन डिसइनहिबिशन इफेक्ट. जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडलं की पडद्याआड माणसाचे संकोच सैल होतात. बोलणं लवकर सुटतं. त्यात एक धोकाही आहे, माणूस झेपेल त्याहून जास्त बोलून बसतो आणि रात्री एकटा पडतो. अबोलीचं तिसऱ्या सेशनमध्ये बहुधा तेच झालं. तुमच्या थेरपिस्टने घाई केली नाही हे फार चांगलं झालं.

---

दूरदेशी | ६ जून, सकाळी ८:०५

न्यू जर्सीहून लिहिते आहे.

माझा मुद्दा भाषेचा. इथे माझी अमेरिकन थेरपिस्ट होती, समोरासमोर, अतिशय चांगली बाई. आई गेली तेव्हा मी तिकीट काढूनही वेळेत पोहोचले नाही. मी सांगत होते की आता मला माहेर नाही. तिला वाटलं मी पुण्याच्या घराबद्दल, मालमत्तेबद्दल बोलते आहे. मी समजावलं, तिने मनापासून ऐकलं, वहीत लिहूनही घेतलं. पण रडू येण्याआधी शब्दाचा अर्थ सांगावा लागला की रडू परत आत जातं.

मग पुण्यातल्या एक बाई मिळाल्या. माझ्या सकाळी साडेसात, त्यांच्या संध्याकाळी पाच. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "म्हणजे आता गेल्यावर दार कोण उघडणार, असं ना?" मी काही बोलूच शकले नाही. आठ हजार मैलांवरून त्या मला समोर बसलेल्या बाईपेक्षा जवळच्या वाटल्या.

एक मात्र नीट समजून घ्या. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्याराज्याचा असतो आणि पेशंट कुठल्या राज्यात बसला आहे ते बघितलं जातं. माझ्या पुण्याच्या बाई इथे परवानाधारक नाहीत. त्यांनी ते आधीच स्पष्ट सांगितलं, इथल्या डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं, आणि आणीबाणी आली तर ९८८ ला फोन करायचा हे माझ्याकडून वदवून घेतलं. विमा अर्थातच नाही.

अबोली, तुझी थेरपिस्ट मराठी बोलते का?

---

अबोली | ६ जून, दुपारी १:२०

नाही. हिंदी-इंग्रजी. मोरी शब्दासाठी मी बाथरूम म्हटलं होतं. आत्ता तुमचा प्रतिसाद वाचताना लक्षात आलं की बाथरूम म्हटल्यावर मला डोळ्यांसमोर काहीच दिसत नाही. मोरी म्हटलं की मामांकडची कडाप्पा फरशी, पितळेचं घंगाळ, कपडे धुवायच्या साबणाचा वास, सगळं येतं.

---

दूरदेशी | ६ जून, दुपारी १:३२

मग मराठी बोलणारी शोध. माझ्या मते हीच पहिली अट.

---

कृष्णाकाठ | ६ जून, रात्री ९:४५

वाईट अनुभवही यायला हवा, म्हणून लिहितो.

सांगली. घटस्फोटानंतर एका अ‍ॅपचं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं, पैसे आधी भरले. तीन महिन्यांत चार थेरपिस्ट झाले. एक सोडून गेली, एकाचा स्लॉट मिळेना, असं करत. दर वेळी मी पहिल्यापासून सांगितलं. चौथ्या वेळी लग्नाची गोष्ट सांगताना माझ्या लक्षात आलं की मी पाठ केलेला धडा म्हणतोय. रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. जखमेवरची खपली चार वेळा काढली आणि मलम एकदाही नाही. ते पॅकेज संपलं तेव्हा मी सुरुवातीपेक्षा वाईट अवस्थेत होतो.

दुसरं, माहितीचं काय होतं? अमेरिकेत २०२३ मध्ये बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली. लोकांनी विश्वासाने भरलेली आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरेंना दिल्याचा आरोप होता, ७८ लाख डॉलर भरायला लागले. फिनलंडमध्ये तर वास्तामो नावाच्या थेरपी केंद्राच्या हजारो लोकांच्या नोंदी चोराने पळवल्या आणि २०२० मध्ये एकेका पेशंटला मेल करून खंडणी मागितली. ते वाचल्यापासून मी कुठल्याही अ‍ॅपमध्ये मनातलं टाइप करत नाही.

आणि खरं सांगतो, मध्यंतरी रात्री झोप येईना तेव्हा एआय चॅटबॉटशी बोलायचो. चांगलं बोलतं ते. हेही थेरपीच का?

---

मृद्गंध | ७ जून, सकाळी ११:१५

कृष्णाकाठ, चार वेळा पहिल्यापासून सांगायला लागणं ही हानी आहे. तुम्ही ती हानी म्हणून ओळखली हे चांगलं केलंत, कारण अशा वेळी लोक स्वतःलाच दोष देतात. अ‍ॅपपेक्षा माणूस निवडा. पॅकेज घेऊ नका, सेशनमागे पैसे द्या. पहिल्या भेटीत विचारा, वर्षभर तुम्हीच असणार का?

पदवीही विचारा, त्यात संकोच नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, तिचा क्रमांक असतो. औषधं फक्त डॉक्टरच देऊ शकतात, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमेडिसिनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२० मध्ये आली, त्यात कोणती औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत तेही ठरवलेलं आहे. समुपदेशक ही पाटी मात्र आजही थोड्या दिवसांच्या कोर्सवर लावलेली दिसते, तेव्हा शिक्षण कुठे झालं आणि तुमचं काम तपासणारे वरिष्ठ कोण आहेत, हे विचाराच. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. नोंदी कुठे ठेवता, सेशन रेकॉर्ड होतं का, हे विचारलं तर चांगला थेरपिस्ट दुखावत नाही.

चॅटबॉटबद्दल. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी त्याला काही कळत नव्हतं. वायझेनबाउमनी लिहून ठेवलं आहे की त्यांच्या सेक्रेटरीने काम कसं होतं ते जवळून पाहिलं होतं, तरी त्याच्याशी थोडं बोलून झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. माणसाला मोकळं व्हायची इतकी भूक असते. रात्री दोन वाजता ती भूक भागली तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण तुम्ही पुढच्या गुरुवारी आला नाहीत तर त्याला चुकल्यासारखं वाटणार नाही. तुमच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर तो तुमच्या भावाला फोन करणार नाही. नात्यातली जखम भरायला नातं लागतं असं मी वर लिहिलं, ते इथे लागू होतं.

आणि कुणासाठी केवळ ऑनलाइन पुरणार नाही, तेही लिहून ठेवते. जीव द्यावासा वाटत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, दारू हाताबाहेर गेली असेल, किंवा ज्याच्यापासून त्रास आहे तोच माणूस शेजारच्या खोलीत बसत असेल, तर समोर जाऊन भेटा.

---

वऱ्हाडवारा | ७ जून, रात्री ८:५०

मी यवतमाळ जिल्ह्यात आशा सेविका आहे. २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात आम्ही शेतकऱ्यांच्या घरोघरी जाऊन विचारपूस करतो, चिंतेचं वाटलं तर पुढे कळवतो. १० ऑक्टोबर २०२२ ला टेली मानस सुरू झालं तेव्हापासून १४४१६ चा कागद माझ्या पिशवीत असतो.

मृद्गंध ताईंचं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. आमच्या गावात बाईजवळ फोन असतो, पण रिचार्ज नवऱ्याचा आणि कॉल कुणाला केले ते रात्री तो बघतो. सेशन घ्यायला खोली कुठली? एका बाईचं पोरगं विहिरीत गेलं होतं. ती दीड वर्ष कुणाशी नीट बोलली नव्हती. तिला मी उपकेंद्रावर नेलं, माझ्या फोनवरून १४४१६ लावून दिलं, दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसून राहिले. चाळीस मिनिटांनी बाहेर आली. म्हणाली, "बाई, आजवर मले कोनी इचारलंच नाही, तो कसा होता म्हनून."

नंतर पाच-सहा वेळा तिला घेऊन गेले. दर वेळी बोलणारं माणूस वेगळं असायचं. तरी फरक पडला. ती आता बचत गटात येते. खोलवर बरी झाली का, ते मी कोण सांगणारी. पण दार ओढून घ्यायला कुणीतरी लागतं, हे मात्र मी पाहिलं.

---

सह्यवाट | ७ जून, रात्री ९:१०

वऱ्हाडवारा ताई, नमस्कार तुम्हाला.

---

खडूफळा | ८ जून, सकाळी ६:५५

काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं. सह्यवाट, तुझ्या गाडीचा विचार मी केलाच नव्हता. यवतमाळच्या ताईंनी तर माझ्या पंख्याचंच उत्तर दिलं. तिथे पंखा बंद करणारं माणूस पायरीवर बसलं होतं.

तरी माझं म्हणणं मी पूर्ण सोडत नाही. अबोली, ऑनलाइन घे, पण थेरपिस्टना एकदा तरी प्रत्यक्ष भेट. आणि पाय दाखव.

---

मृद्गंध | ८ जून, सकाळी १०:२०

सर, ते सहज जमतं. फोन लांब ठेवायचा, कान हेडफोनला, अख्खं शरीर चौकटीत. अंगाशी काम करायचे मार्गही ऑनलाइन वापरता येतात. १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळानंतर मेक्सिकोत वाचलेल्या लोकांसोबत काम करताना लुसीना आर्तिगास यांनी एक साधी पद्धत काढली. हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे आणि खांद्यांजवळ आलटून पालटून हलकेच थोपटायचं. फुलपाखराची मिठी म्हणतात तिला. दुसऱ्याचा हात लागत नाही, आपलेच हात आपल्याला धरतात. थेरपिस्टच्या देखरेखीखाली आघाताच्या कामात ती वापरतात. यूट्यूबवर बघून एकट्याने जुन्या आठवणी मात्र उकरू नका.

---

अबोली | ८ जून, रात्री ११:०५

सगळ्यांचे उपकार मानले तर परकं वाटेल. मी शोधते. कळवेन.

---

अबोली | २६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

धागा वर काढते आहे. कळवेन म्हटलं होतं.

अ‍ॅप सोडलं. पुण्याच्या एक मराठी बाई मिळाल्या, आरसीआय नोंदणी आहे, सेशनमागे बाराशे रुपये. घरी दार लावलं की सासूबाई काय झालं म्हणून ठोठावतात, त्यात त्यांचा दोष नाही, आमच्याकडे दार लावायची पद्धतच नाही. माझ्या मैत्रिणीचं शिवणाचं दुकान आहे, बुधवारी दुपारी बंद असतं. तिने आतल्या खोलीची किल्ली दिली. बुधवारी मी अर्धी रजा टाकते. साडेचार ते पावणेसहा तिथे असते, सेशन पन्नास मिनिटांचं. उरलेल्या वेळात नुसती बसते, चिंध्यांच्या ढिगाशेजारी. मृद्गंध ताईंचा तो मधला अर्धा तास.

काका, तुमचं पायांचं वाक्य मी बाईंना वाचून दाखवलं. त्या दिवसापासून फोन शिलाई मशीनवर ठेवते आणि लांब बसते. ऑगस्टमध्ये एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही पाय खुर्चीखाली ओढून घेताय. जागा कमी पडतेय का?" मला मामांकडे झोपायची जागा आठवली, कपाट आणि पलंग यांच्या मधली. त्यावर आम्ही तीन आठवडे बोललो.

जुलैत पावसाने हाल केले. वाशिष्ठीचं पाणी बघत रात्री काढल्या. २०२१ च्या पुरापासून इथे पाऊस वाढला की कुणी झोपत नाही. नेट नव्हतं, दोन सेशन साध्या कॉलवर झाली. चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. त्यातलं एक माझं आजवरचं सगळ्यात महत्त्वाचं सेशन होतं, का ते मला सांगता येणार नाही.

सप्टेंबरात पुण्याला जाऊन त्यांना भेटले. पहिली पाच मिनिटं परक्या वाटल्या, त्या एवढ्या उंच असतील असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी पाणी दिलं, मी ते पूर्ण प्यायले आणि अजून मागितलं. मागितल्यावर माझ्याच लक्षात आलं. त्यांच्याही आलं होतं.

गणपतीत आई आली होती. तिला विचारलं, मला का ठेवलंस? ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, तुला सोडून निघाले ती पनवेलपर्यंत एसटीत रडत होते, कंडक्टरने उठवून पुढच्या सीटवर बसवलं, बायका बघत होत्या म्हणून. मला हे एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. ऐकून राग गेला असं नाही. राग आहे. पण आता त्याच्या शेजारी एसटीत रडणारी बाईही आहे, आणि दोन्ही एकत्र ठेवणं मला अजून जड जातं. त्यावर काम चालू आहे.

लेक परवा म्हणाली, अजून एक पोळी. पोटात गोळा आला. तो येतो अजून. मी तव्यावरची काढून तिला वाढली, मग माझ्या ताटातही एक घेतली.

---

खडूफळा | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

अबोली, वाचलं. सौ.लाही मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या पोरीला सांगा, आमच्याकडे जेवायला ये.

---

पाणवठा | २७ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

अबोलीताई, मी खेर्डीची. नवीन खातं काढलं फक्त तुम्हाला लिहायला. थेरपिस्ट मिळाली आहे, पैशांचीही सोय आहे. घरात दार बंद करता येईल अशी जागा नाही. तुम्ही कसं विचारलंत मैत्रिणीला? काय कारण सांगितलंत?

---

अबोली | २७ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

कारण खरं तेच सांगितलं. घाबरत सांगितलं. तिने किल्ली काढून हातात दिली, काही विचारलं नाही.

दुकान बुधवारी दोनपासून रिकामं असतं, मी साडेचारला जाते. रेंज आतल्या खोलीत खिडकीपाशी चांगली आहे. मैत्रिणीशी आत्ताच बोलले, ती हो म्हणाली. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, बघा.